पडद्याच्या अलीकडे

२ फेब्रुवारी

कप्तान,

बोटीवरच्या खऱ्या कप्तानाच्या हाती हे पत्र पडलं तर त्यांनी रागावू नये. इंजिनातल्या फिटरला मी लग्नाआधीपासून कप्तान म्हणत आले, आता जीभ दुसरीकडे वळत नाही.

फोनवर आपलं बोलणं असं होतच नाही. तू "ठीक आहेस ना?" विचारतोस, मी "हो" म्हणते, आणि पुढे नुसती खरखर. म्हणून लिहायला बसले. तुझ्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, पत्र आमच्याकडे आणून द्या, पुढच्या बंदरावर पोचतं करू.

मुलगी छान आहे. अंग धरलंय तिने. वन्संनी तिला ठमी म्हणायला सुरुवात केली आहे. कागदावरचं नाव बाप आल्यावर ठरवा म्हणतात, तोवर हेच. तुझ्या बहिणीने बसस्टँडवरच्या तिकीट खिडकीतून लांबलचक रजा काढली आहे. "इतकी वर्षं लोकांना चढवून दिलं, आता हिला खांद्यावर चढवतेय," असं शेजारच्या काकूंना सांगत असतात. ढेकर काढताना पाठीवर थोपटतात तेही "चला, पुढे सरका, पुढे सरका" अशा सुरात. आणि कार्टी लगेच ढेकर देते.

माझे टाके सुकलेत. गॅलरीपर्यंत चालते. दूध फारसं आलं नाही म्हणून बाटली लावली आहे. आजकाल बाटलीवरची मुलंही चांगली दणदणीत होतात. झोप होते. जेवण जातं.

ती कोणासारखी दिसते असं तू विचारलंस. वन्सं म्हणतात, कान तुझे. मी अजून नीट पाहिलेलं नाही. म्हणजे रोज पाहते, पण या वयात मुलांचे चेहरे रोज बदलतात ना.

तिथे थंडी असेल. कानटोपी घालत जा.

तुझी


२३ फेब्रुवारी

कप्तान,

वन्संनी तुला सगळं सांगितलं असणार. परवा फोनवर तुझा आवाज वेगळा होता. "काय चाललंय तुझं?" असं तू विचारलंस आणि लाइन गेली. बरं झालं गेली.

बसचं सांगते, कारण वन्संनी ते तिखटमीठ लावून सांगितलं असेल. मंगळवारी दुपारी वन्सं आंघोळीला गेल्या होत्या. ठमी पलंगावर झोपली होती, दोन्ही बाजूंना उशा लावलेल्या. ती जागी झाली आणि रडायला लागली. मी तिला उचलायला हवं होतं. मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि खाली उतरले. समोर बस उभी होती, तिच्यात बसले. कुठली होती ते पाहिलंही नाही. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, मी बसूनच राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडी इथून पुढे जात नाही." मी म्हटलं, "मग राहू दे." तो बिचारा गोंधळला. घरच्या कोणाचा नंबर आहे का म्हणाला, मी वन्संचा सांगितला. नंबर ऐकताच त्याने कपाळाला हात लावला. त्यांच्या खात्यात वन्संना कोण ओळखत नाही?

वन्सं ठमीला पोटाशी बांधून रिक्षाने आल्या. केस ओलेच होते. मला वाटलं, आता चार लोकांत माझी खरडपट्टी निघणार. त्या नुसत्या शेजारी बसल्या. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला आंघोळ तरी उरकू दे."

मागच्या पत्रात मी तुला काही गोष्टी सांगितल्या नाहीत. ठमी वन्संच्या खोलीत झोपते, तू बोटीवर गेलास त्या रात्रीपासून. तिची बाटली, लंगोट, आंघोळ, सगळं त्याच करतात. मी तिला आजवर क्वचितच मांडीवर घेतलं असेल, तेही कोणी बघायला आलं म्हणून. दूध कमी आलं हेही खरं नाही. दूध होतं. मी पाजलं नाही.

वन्संनी मला, मी काम करते त्या दातांच्या दवाखान्याच्या गल्लीतल्या वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असं होतं, दिवस जातील तसं बरं वाटेल. गोळ्या दिल्यात, घेते आहे. पण मला नुसती उदासी आलेली नाही. मला एक गोष्ट माहीत आहे आणि ती मी कोणाला सांगितलेली नाही. सांगायची तर आधी तुलाच सांगायला हवी, आणि तुलाच सांगवत नाही.

पुढच्या पत्रात लिहिते. जमलं तर.


९ मार्च

कप्तान,

तू तिथेच होतास, माझ्या उशाशी स्टुलावर, तरीही तुला सांगते. तू आणि मी पडद्याच्या एकाच बाजूला होतो. पण तुझ्या मनात त्या दिवसाची जी गोष्ट आहे ती माझी नाही.

आठवतं ना, पोरगी पायाळू होती, पाय खाली आणि डोकं वर. डॉक्टरीणबाईंनी मायेने समजावलं होतं की उगाच जोखीम नको, ठरवून ऑपरेशन करू. त्यांनी दोन तारखा पुढे केल्या. आधीची आपण धरली, तुला बोटीवर रुजू व्हायचं होतं म्हणून. मला काही त्रास नव्हता. कळा नाहीत, पाणी गेलेलं नाही, बाळाचे ठोके उत्तम. सकाळी मी माझ्या पायांनी चालत त्या खोलीत गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोणालाही कसलीही घाई नव्हती.

तुला बाहेर थांबवलं होतं तेव्हा मला टेबलाच्या कडेला बसवून पाठ वाकवायला सांगितली. कण्यात सुई दिली. पाय जड झाले, गरम झाले. मग भूल देणाऱ्या डॉक्टरांनी गार बोळा पोटावर फिरवून विचारलं, "गार लागतंय?" उजवीकडे लागत नव्हतं. डावीकडे लागत होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "थोडं लागेलच. भूल चढतेय अजून." मग पडदा बांधला, दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर ठेवून पट्टे लावले आणि तुला आत बोलावलं. तू डोक्याला ती निळी टोपी घालून आलास. मला हसू आलं होतं. ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसू.

डॉक्टरीणबाई सिस्टरला त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल सांगत होत्या. काळा दगड घालावा की पांढरा. पांढऱ्यावर डाग दिसतात असं त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली.

उजवीकडे फक्त कोणीतरी बोट ओढत नेल्यासारखं वाटलं. मधोमध आल्यावर ते बोट राहिलं नाही. मी म्हटलं, "मला कळतंय." भूलवाले म्हणाले, "ओढल्यासारखं वाटेल. दुखणार नाही." मी म्हटलं, "ओढल्यासारखं नाही. दुखतंय. डावीकडे दुखतंय." ते म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या." मी श्वास घेतला. शहाण्या मुलीसारखा घेतला. मग डॉक्टरीणबाईंनी आत हात घातला, आणि ते कसं होतं हे सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. मी ओरडले का? मला वाटतं, नाही. आवाज घशाच्या खालीच राहिला. मी पुन्हा पुन्हा "थांबा" म्हणत होते, आणि ते एखाद्या लहान मुलाच्या हट्टासारखं माझ्या कानांनाही ऐकू येत होतं.

आमच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीतल्या माणसाला आधीच सांगून ठेवतात, दुखलं तर डावा हात वर करा. हात वर झाला की डॉक्टर थांबतात. मशीन बंद, पुन्हा सुई, मग पाच मिनिटं गप्पा. सक्शनची नळी धरून मी तिथे रोज उभी असते. त्या टेबलावर माझा डावा हात सारखा वर यायला बघत होता. पट्टा होता.

मी "थांबा" म्हणत होते तेव्हा तू एकदा स्टुलावरून उठलास, पडद्यावरून पलीकडे पाहिलंस आणि खाली बसलास. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. रक्त पाहून तुला घेरी येतेय असं मला वाटलं. म्हणजे बघ, तशा स्थितीतही मला तुझी काळजी.

मग भूलवाल्यांनी तुला विचारलं, "मिस्टर, या नेहमीच अशा घाबरतात का?"

आणि तू म्हणालास, "हो, जरा घाबरटच आहे ती."

थोडंसं हसलासही. ते हसले. त्यानंतर मी काही बोलले नाही. कोणाशी बोलणार?

ठमी बाहेर आली तेव्हा डॉक्टरीणबाईंचा हात आतच होता. तिचं पहिलं रडणं मी तसं ऐकलं. आता ती रडली की डावी बाजू पेटते. खोटं नाही, अगदी त्याच जागी. म्हणून मी चपला घालते. तिचा काही दोष नाही हे मला कळतं. रोज स्वतःला बजावते. पण कळून काही होत नाही.

नंतर भूलवाल्यांनी हाताच्या शिरेतून काहीतरी दिलं आणि मला झोप लागली. जागी झाले तर सगळे अभिनंदन करत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झकास झालं सगळं, कुठे काही गडबड नाही." तू वॉर्डातल्या मावशींना पेढ्याच्या ऐवजी चॉकलेटं वाटत होतास. मी तुझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं तू आत्ता येशील, दार लावशील आणि विचारशील.

त्यानंतर तू घरी होतास ते सगळे दिवस मी वाट पाहिली.


१ एप्रिल

हे पत्र आधीच्या पत्राला तुझं उत्तर यायची वाट न बघता लिहिते आहे, कारण इथे एक गोष्ट घडली.

मागचं पत्र पाकिटात घालण्याआधी मी ते वन्संना वाचायला दिलं. तोंडाने सांगणं जमलं नसतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, "अगं, मी इतके दिवस तुला म्हणत होते, सगळ्याच बायका यातून जातात. तू एकदा तरी माझ्या तोंडावर मारायचंस की." मग आत जाऊन बराच वेळ बाटल्या धूत राहिल्या. धुतलेल्याच बाटल्या.

सोमवारी आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. ठमीला काकूंकडे ठेवलं. त्या जिन्यापाशी माझे पाय थांबले, तर वन्संनी दंड धरला आणि म्हणाल्या, "नको असेल तर इथूनच परत. कोणी तिकीट फाडलेलं नाही." मी वर गेले.

डॉक्टरीणबाईंनी पाणी मागवलं. त्या वाईट वागल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. भूलवाल्यांनाही बोलावलं. ते दारातच उभे राहिले, घड्याळ बघत. म्हणाले, "भूल पूर्ण चढली होती. मी स्वतः तपासली होती. आत हात फिरतो तेव्हा जे कळतं ते दाब असतो. घाबरलेल्या पेशंटला दाबही वेदना वाटतो. यांना तेव्हाच समजावलं होतं."

मी म्हटलं, "दाब आणि दुखणं यांतला फरक मला कळतो."

ते म्हणाले, "तेव्हा तुमची मनःस्थिती निराळी होती, ताई."

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही खोटं बोलताय असं कोणी म्हणत नाही. पण कधीकधी नंतर आठवताना गोष्टी मोठ्या होतात. आणि तुमचे मिस्टर तिथेच बसले होते. त्यांना काही वावगं दिसलं असतं तर ते बोलले असते ना?"

वन्सं म्हणाल्या, "विचारतोच त्याला."

बाहेर आल्यावर बाकावर बसलो. समोर एक बाई चालत आत निघाली होती, मोठं पोट, हातात पिशवी, मागे नवरा. मला उठून तिला काहीतरी सांगायचं होतं. काय सांगणार? मी नुसती बघत राहिले, तर ती माझ्याकडे बघून हसली.

त्या दोघांपेक्षा मला स्वतःचाच राग येतो आहे, कारण परतताना मला त्यांचं पटायला लागलं होतं. कदाचित दाबच असेल. कदाचित मी खरंच घाबरट आहे, आणि या सगळ्या महिन्यांत एका तान्ह्या पोरीला तिची आई न देण्याचं कारण म्हणून मी हे रचलं असेल. गेले काही दिवस मी तसंच धरून चालते आहे. त्याने बरं वाटेल असं वाटलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. वन्सं गोळी हातावर ठेवून समोर उभ्या राहतात, मी गिळेपर्यंत हलत नाहीत. गॅलरीच्या दाराला त्यांनी कुलूप लावलंय.

म्हणून एकच विचारते. तू उठून पलीकडे पाहिलंस. काय पाहिलंस? जे असेल ते लिही. काहीच दिसलं नाही असं असेल तर तसं लिही, मी मान्य करीन, वन्सं म्हणतात त्या मनाच्या डॉक्टरांकडे जाईन, वाढीव गोळ्या घेईन. पण लिही.


१७ मे

तुझं पत्र मिळालं. इतके दिवस लावलेस, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

तू लिहितोस: "मी उठलो तेव्हा तुझा डावा पाय हलत होता. गुडघ्यात वाकत होता. एका सिस्टरने तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मला कळलं की तुला भूल लागलेली नाही. पण आता बोललो तर सगळे थांबतील आणि बाळाला काही होईल असं वाटलं. म्हणून गप्प बसलो. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही."

आणि खाली: "हॉस्पिटलला मात्र मी काही लिहू शकत नाही. नवरा असून बघत बसला, असंच उद्या सगळे म्हणतील. तुला सांगितलं, तेवढ्यावर आता मिटवू. आल्यावर नव्याने सुरुवात करू."

मी हे दिवसभर वाचत होते. आधी खरंच हलकं वाटलं, तुला खोटं वाटेल. मी वेडी नाही, मी रचलेलं नाही, तो पाय माझाच होता आणि तो हलत होता. मी वन्संना हाक मारून पत्र दाखवलं, एखाद्या पास झालेल्या मुलीसारखं.

मग संध्याकाळी कपड्यांच्या घड्या करताना मला क्रम आठवला. मी माझ्याच हाताने तो तुला लिहून पाठवला होता आणि मला दिसला नव्हता. आधी तू उठलास. पाहिलंस. खाली बसलास. आणि त्यानंतर त्यांनी विचारलं, त्यानंतर तू म्हणालास, "हो, जरा घाबरटच आहे ती."

गप्प बसलो, असं तू लिहितोस. तू गप्प बसला नव्हतास.

नुसता गप्प बसला असतास, तर मी समजून घेतलं असतं. बाळाची भीती मलाही होतीच. तेव्हा मला कोणी विचारलं असतं, थांबवू का, तर कोण जाणे, मीच म्हटलं असतं, नको, आधी तिला काढा. पण मला विचारलं नाही. तू माझ्या वतीने उत्तर दिलंस, खरं काय ते डोळ्यांनी पाहून आल्यावर दिलंस, आणि वर हसलास. तुला ती माणसं खजील व्हायला नको होती. मला हे सुचायला चार महिने लागले, कारण आपलं माणूस असं करेल हे सुचतच नाही.

इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की बहुतेक मीच वेडी झाले आहे. आता कळतंय की मी वेडी होते तोवर मला नवरा होता.

वन्संचं सांगते, कारण तू त्यांना फोन करणार आहेस. तुझं पत्र वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "आई गेल्यावर त्याला मी वाढवलं. शाळेतून मार खाऊन आला की मी त्याच्या मास्तरांशी भांडायला जायचे." एवढंच. सकाळी त्यांचे डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, हेच पत्र हॉस्पिटलात नेऊन टेबलावर ठेव. मी नेलं नाही. तू स्वतः दिलं असतंस तर ते माझ्या बाजूने उभं राहणं झालं असतं. तू नको म्हणत असताना मी ते नाचवायचं, तर पुन्हा मी एकटीच "थांबा, थांबा" म्हणत असल्यासारखं होईल. तसं पुन्हा एकदा ओरडण्याची ताकद माझ्यात नाही. आम्ही नंतर लेखी तक्रार दिली होती, तिला डॉक्टरीणबाईंचं उत्तर येऊन गेलं. गैरसमज झाल्याबद्दल खेद वाटतो, असं आहे त्यात.

मी दवाखान्यात पुन्हा जायला लागले आहे. अर्धा दिवस. हात चालतात, बाकी काही चालत नाही. ठमी मान धरते. माझ्याकडे बघते, पण घाबरत घाबरत, नव्या माणसाकडे बघावं तशी. मी तिला रोज संध्याकाळी घेते. माया आली म्हणून नाही. ती यावी म्हणून घेते, आणि अजून आलेली नाही. ती रडली की अजून डाव्या बाजूला पेटतं. मी दात आवळून बसून राहते. कधी ती आधी थांबते, कधी मी तिला वन्संकडे देते. हे असंच राहील का, कोणाला विचारू? त्या वयस्कर डॉक्टरांना विचारलं, तर ते छताकडे बघत म्हणाले, बघू या.

वन्संनी डेपोच्या मागच्या गल्लीत आमच्यासाठी दोन खोल्या पाहिल्या. खिडकीतून बसगाड्या धुतात ती जागा दिसते. पहिल्या तारखेला मी आणि ठमी तिथे जातोय. वन्सं दिवसा ठमीला सांभाळायला येणार आहेत, रात्री घरी जाणार आहेत, कारण तू परत येशील तेव्हा घर उघडं हवं, असं त्यांचं म्हणणं. भाऊ आहेस तू त्यांचा. मी त्यांना कोणाची बाजू घ्यायला सांगितलेलं नाही.

मुलीला भेटायला ये. ती तुझी आहे, कानही तुझेच आहेत, मी पाहिले. नाव तुला हवं ते ठेव, माझी हरकत नाही.

माझ्याशी बोलायला मात्र येऊ नकोस. तू काय सांगशील ते मला पाठ आहे, तुला झोप येत नाही, तुझं चुकलं, तुझ्या मनात तसं नव्हतं. ते खरंही असेल. पण तू बोलत असताना मी तुझ्या तोंडाकडे बघेन आणि मला कळणार नाही की हे तू पाहून आल्यावर सांगतोयस, की समोरच्याला बरं वाटावं म्हणून.